पुन्हा तलावात उतरताना

सावरकर तलावावर लहानपणी पोहायला शिकलेला नववीतला एक मुलगा परवा दवाखान्यात आला. शाळेच्या जलतरण संघाची निवड चाचणी सहा आठवड्यांवर आणि पाण्याशी चार वर्षे गाठ नाही! पहिल्याच दिवशी जोर लावला आणि खांदा धरला.

त्याला जे सांगितले ते सर्वांच्याच उपयोगाचे आहे. पोहण्याची कला अंग विसरत नाही. दम आणि खांद्याचे स्नायू मात्र विसरतात. म्हणून पहिला आठवडा एक दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटेच पोहावे. पुढे अंतर थोडेथोडे वाढवावे. वेगाचा सराव तिसऱ्या आठवड्यानंतर. खांदा दुखू लागताच थांबावे.

दम वाढविण्यासाठी भराभर श्वास घेऊन पाण्याखाली मुळीच राहू नये. त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि पाण्यातच शुद्ध हरपू शकते.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे तहसीलदाराच्या नोकरीमुळे काही वर्षे तलावापासून दुरावला होता. तरी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचे कांस्यपदक अवघ्या ०.०१ सेकंदाने हुकले. खंड पडला तरी हरकत नाही. घाई मात्र नको.