नोटीस आली, आता काय?

मित्रांनो, २०२३ साली बाबांना आयकर खात्याची नोटीस आली आणि घरात एकदम शांतता! "आता धाड पडणार," आजी म्हणाली. मी नोटीस दोनदा वाचली. दोन ठेवींचं व्याज रिटर्नमध्ये नव्हतं, एवढंच.

पहिल्या ठेवीचं ५०,००० रुपये व्याज बाबा खरंच विसरले होते. दुसऱ्या ठेवीवर पहिलं नाव बाबांचं, पण पैसे आजीचे. व्याज तिच्या रिटर्नमध्ये होतं. आम्ही पहिली चूक कबूल केली, दुसरी रक्कम कागद जोडून नाकारली. ती वगळली गेली.

आता दंडाचं गणित. २० टक्के कर १०,०००, वर ४ टक्के सेस, एकूण १०,४००. उत्पन्न कमी दाखवल्यास याच्या ५० टक्के, म्हणजे ५,२०० दंड. खोटं दाखवल्यास २०० टक्के, म्हणजे २०,८००!

आदेश पटला नसता तर ३० दिवसांत अपील करता आलं असतं. बाबांनी अपील न करता कर व व्याज मुदतीत भरलं, महिन्याच्या आत अर्ज केला. दंड माफ झाला.

तेव्हा दोस्तहो, नोटीस कपाटात ठेवू नका. आधी तारीख बघा, मग कागद शोधा.