दुचाकी कोण शिकवतो?

आमच्या घराण्यात सायकल शिकवण्याची आणि मोटारसायकल शिकवण्याची पद्धत एकच आहे. मागून ढकलायचे आणि सोडून द्यायचे. बारावीची परीक्षा संपल्यावर माझ्या मामेभावाने मला मामांच्या शंभर सी.सी.च्या गाडीवर बसवले. "क्लच दाब, गिअर टाक, हळूहळू सोड. आणि हे बघ, पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर पडशील," एवढा उपदेश करून तो कट्ट्यावर जाऊन बसला. तासाभरात मला गाडी 'आली'. पुढे लायसन्सच्या चाचणीत मी पाय न टेकता आठचा आकडा काढून दाखवला आणि कायद्याने मी मोटारसायकलस्वार झालो.

त्यानंतरच्या जुलै महिन्यात खानापूर रोडवर, पाऊस नुकताच थांबलेला असताना, समोरून येणारी एक व्हॅन मला आडवी जाऊन उजवीकडच्या गल्लीत वळली. मी सगळा जोर पायाखालच्या ब्रेकवर दिला. मागचे चाक जागच्या जागी थांबले, गाडी मात्र थांबली नाही. ती आडवी होऊन घसरत गेली व तिच्याबरोबर मीही. व्हॅनला मी लागलो नाही, हे नशीब. डावे मनगट मोडले, सहा आठवडे प्लॅस्टर राहिले आणि त्या सत्राची एक अंतर्गत परीक्षा बुडाली. घरी सर्वांचे एकमत झाले की रस्ता ओला होता. मीही तेच धरून चाललो होतो.

यंदा विमा या विषयाच्या सरांनी 'जोखीम कमी करणे' या प्रकरणावर प्रत्येकाला एक टिपण लिहावयास सांगितले. विम्याने नुकसान भरून मिळते, नुकसान टळत नाही. टाळायचे तर दुसरे उपाय योजावे लागतात, हे त्या प्रकरणाचे सार. मी विषय घेतला दुचाकीचा. टिपणासाठी वाचता वाचता मला माझा अपघात एका अमेरिकन अहवालात जसाच्या तसा सापडला. प्रस्तुत लेख त्या टिपणाचाच विस्तार आहे.

हॅरी हर्ट हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक होते आणि स्वतः मोटारसायकल चालवत. १९७६ व १९७७ या दोन वर्षांत त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि ३,६०० पोलीस अहवाल चाळले. १९८१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'हर्ट अहवाल' या नावाने तो आजही ओळखला जातो.

त्यातले निष्कर्ष वाचताना मला वारंवार थांबावे लागले. सुमारे तीनचतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरीचे होते, आणि अशा टकरींपैकी दोनतृतीयांशांत चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती. सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे समोरून येणारी मोटार मोटारसायकलस्वाराला आडवी वळणे. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून ती मोटार डावीकडे वळते. आपण डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्याकडे ती उजवीकडे वळते. माझी व्हॅन तीच! वेग तरी फार असावा, तर तसेही नाही. अपघातापूर्वीचा मध्यम वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास निघाला. धोका दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत स्वाराच्या हातात सामान्यतः दोन सेकंदांहूनही कमी वेळ होता आणि तेवढ्या वेळात बहुतेकांनी एकच चूक केली : मागचा ब्रेक करकचून दाबला आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही.

आणि अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. म्हणजे तिकडेही मामेभाऊच होते.

आता ब्रेकचा विषय थोडा सविस्तर घेतो, कारण आपल्या महाविद्यालयाच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला तो लागू आहे. गाडी थांबू लागली की तिचा व आपला भार पुढच्या चाकाकडे सरकतो. बसचालकाने ब्रेक मारल्यावर उभे प्रवासी पुढे जातात, तसेच. पुढचे चाक रस्त्यावर दाबले जाते, त्याची पकड वाढते. मागचे हलके होते, त्याची पकड घटते. म्हणजे थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे, आणि आपण विसंबतो मागच्यावर.

हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. धोका लक्षात येऊन हातपाय हलेपर्यंत एक सेकंद धरला, तर ११ मीटर तेथेच गेले. पुढे कोरड्या चांगल्या रस्त्यावर एकट्या मागच्या ब्रेकने थांबायला ढोबळमानाने १७ ते १८ मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ९ मीटरांच्या आसपास काम होते. फरक साधारण एका बसच्या लांबीचा आहे. व्हॅन आणि माझ्यामध्ये तेवढेच काय ते अंतर होते.

मग 'पुढच्या ब्रेकने पडतो' ही समजूत आली कोठून? ती अगदीच खोटी नाही. पुढचा ब्रेक झटक्याने आवळला, किंवा गाडी वळणावर कललेली असताना, वाळूवर किंवा लाल चिखलावर असताना आवळला, तर पडायला होते. शिकवणारे लोक त्याऐवजी लिंबू पिळल्यासारखा दाबायला सांगतात. आधी हलकेच, भार पुढे येऊ द्यायचा, मग दाब वाढवत न्यायचा. हँडल सरळ, नजर समोर, त्याच वेळी मागचाही ब्रेक बेताने. सांगायला दोन ओळी पुरतात, पण अंगवळणी पडायला पन्नास वेळा करावे लागते. आमच्या वर्गातल्या कानडी मित्राला मी विचारले, तुझ्या घरी काय सांगितले होते? तो म्हणाला, "मुंदिन ब्रेक हिडिबेडा." म्हणजे पुढचा ब्रेक धरू नकोस! सीमाभागात इतर कशावर नसेल, पण याबाबत दोन्ही भाषांचे एकमत आहे.

सरावाची ही पन्नास वेळची संधी सरकारी व्यवस्थेतून देता येते काय? अमेरिकेतील बऱ्याच राज्यांनी तसा प्रयत्न केला. १९७३ साली तेथील मोटारसायकल उत्पादकांनी एक सुरक्षा प्रतिष्ठान स्थापन केले, त्याने अभ्यासक्रम तयार केला, आणि राज्याराज्यांतून कायद्याने प्रशिक्षण योजना उभ्या राहिल्या. मी त्यांपैकी इलिनॉय राज्य निवडले. एक तर ती योजना वाहतूक खात्याने विद्यापीठांमार्फत चालवली. अर्बाना-शँपेन, कार्बनडेल व डीकाल्ब येथील विद्यापीठांची त्यासाठी विभागीय केंद्रे झाली. दुसरे म्हणजे तिचा पैशाचा इतिहास वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वाचलाच पाहिजे असा आहे.

वर्ग साधारण शनिवार-रविवार धरून भरतो. काही तास खोलीत, त्याहून जास्त तास मोकळ्या वाहनतळावर. मोटारसायकल आणि हेल्मेट योजनेचेच. पडली तर योजनेची गाडी पडते, मामांची नव्हे! पहिल्या धड्यात तर गाडी पळवतच नाहीत. क्लच हळूहळू सोडताना गाडी नेमकी कोठे सरकू लागते ती जागा ओळखायची, पाय जमिनीवर ठेवून गाडीबरोबर चालायचे, पुन्हा क्लच दाबायचा. मग सरळ रेषा, मग वळण. वळताना नजर चाकापुढच्या रस्त्यावर ठेवायची नाही. जिथे जायचे तिथे मान वळवून पाहायचे. मग खुणेच्या दांड्याशी आल्यावर कमीत कमी अंतरात थांबणे. शेवटी अडथळा चुकवणे. वेगात असताना उजवीकडे सटकायचे तर उजव्या मुठीवर किंचित पुढे दाब द्यायचा, गाडी उजवीकडे कलते आणि उजवीकडेच जाते. ऐकायला उलटे वाटते, मलाही वाटले होते. खोलीतल्या तासांत मुख्य भर एकाच गोष्टीवर असतो : पुढच्या चौकात काय होऊ शकेल, हे तिथे पोचण्याआधी मनात मांडून ठेवणे. तिकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हा वर्ग केल्याशिवाय मोटारसायकलचे लायसन्स मिळत नाही.

आता खर्च. इलिनॉयमध्ये मोटारसायकलच्या नोंदणी शुल्कातला एक हिस्सा वेगळ्या निधीत जमा करण्याची तरतूद कायद्याने झाली आणि त्यातून हे वर्ग चालले. कित्येक वर्षे शिकणाऱ्याकडून केवळ २० डॉलर अनामत घेत, आणि वर्ग पूर्ण केला की तीही परत करत. थोडक्यात, सर्व स्वारांनी थोडे थोडे भरायचे आणि त्यातून नवशिक्यांनी शिकायचे. विम्याचेच तत्त्व हे, फक्त पैसे अपघातानंतर न खर्चता आधी खर्चायचे.

परंतु शिल्लक असलेला निधी दिसला की कोणाची तरी नजर त्यावर जातेच. २००० नंतरच्या दशकात राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा इतर अनेक खास निधींबरोबर या निधीतीलही रक्कम सर्वसाधारण खात्याकडे वळवण्यात आली. मोटारसायकलस्वारांच्या 'एबेट' या संघटनेने न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे, हा पैसा आम्ही प्रशिक्षणासाठी दिला, सरकार त्याचे केवळ विश्वस्त आहे. २०११ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो संघटनेच्या विरुद्ध : हा सार्वजनिक पैसा आहे आणि विधिमंडळाला तो दुसरीकडे वळवता येतो. राखीव निधी आणि विश्वस्त निधी यांतला फरक मी द्वितीय वर्षात पाठ करून लिहिला होता. तो कळला या खटल्यामुळे. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेलही, पण शुल्क भरताना स्वाराला जे सांगितले ते आणि पुढे घडले ते, या दोहोंत अंतर पडले हे खरेच. गंमत अशी की, प्रशिक्षणाच्या पैशासाठी भांडणारी हीच संघटना हेल्मेटसक्तीच्या ठाम विरोधात आहे, आणि इलिनॉयमध्ये हेल्मेटची सक्ती आजही नाही! डोके वाचवण्यात हेल्मेटइतके महत्त्वाचे काही नाही, असे हर्ट यांनी १९८१ मध्येच लिहून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. अशा वर्गांमुळे अपघात नेमके किती घटतात, याचा पक्का पुरावा मिळालेला नाही. २०१० साली जगभरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, बहुतेक अभ्यासांचा दर्जा इतका कच्चा आहे की कोणताही ठाम निष्कर्ष काढता येत नाही. अडचण संख्याशास्त्राची आहे. आपणहून वर्गाला येणारा मनुष्य मुळातच जपून चालवणारा असतो. त्याला कमी अपघात झाले तर श्रेय वर्गाचे की त्याच्या स्वभावाचे? शिवाय वर्ग झाल्यावर काहींना नको तितका आत्मविश्वास येतो, तो वेगळाच. मला वाटते, म्हणून तर वर्गात गाडी 'पळवायला' शिकवण्यापेक्षा थांबवायला आणि ओळखायला शिकवले पाहिजे.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. कर्नाटकात २०१६ पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, ते किती डोक्यांवर दिसते हे चन्नम्मा चौकात पाच मिनिटे उभे राहून कोणीही मोजावे. काही कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रे काही शहरांत आहेत, पण गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जावे लागते असे नाही. गाडी घेताना आपण आजीवन कर भरतोच. समजा, त्यावर गाडीमागे शंभर रुपये प्रशिक्षणासाठी घेतले, तर हजार गाड्यांमागे एक लाख होतात. एखाद्या मैदानाचे भाडे, दोन प्रशिक्षक आणि चार जुन्या गाड्या यांची सुरुवात त्यात होण्यासारखी आहे. मात्र निधी कोणत्या नावाने ठेवायचा, हे इलिनॉयचा निकाल वाचून मग ठरवावे.

हे टिपण मी सरांना दिले त्याच आठवड्यात आईने जेवताना विचारले, "धाकटीला स्कूटर शिकवशील ना रे? पुढच्या महिन्यापासून तिला बसने नको." धाकटी बी.ए.च्या पहिल्या वर्गात आहे. मी "हो" म्हटले आणि मग घास गिळवेना. आता मामेभावाच्या कट्ट्यावर बसण्याची पाळी माझी होती.

परवानगी काढून रविवारी सकाळी आम्ही दोघे मैदानावर गेलो. तिचे शिकाऊ लायसन्स खिशात, हेल्मेट डोक्यावर, पायांत बूट. पहिला अर्धा तास गाडी नुसती हाताने ढकलत फिरवली. ती वैतागली. मग मी चुन्याची एक रेघ मारली, दोन्ही हातांचे ब्रेक लिंबासारखे पिळायचे समजावले, आणि ताशी पंचवीसच्या वेगाने येऊन रेघेवर थांबायला सांगितले. पहिल्या वेळी ती रेघेपुढे बारा पावलांवर थांबली. दहाव्या वेळी सात.

"दादा, आता तू करून दाखव," ती म्हणाली. मी केले, आणि तिने पावले मोजली. नऊ भरली.