क्षयरोग : तपासणीच्या कागदावरील शब्द

वाचकहो, 'पॉझिटिव्ह' हा शब्द शुभ समजून कित्येक रुग्ण निश्चिंत होतात. म्हणून त्या कागदाचा अर्थ नीट समजून घेऊ.

१. बेडक्याची तपासणी. दोन आठवडे खोकला राहिल्यास छातीतून निघालेला बेडका तपासण्यास द्यावा. नुसती लाळ उपयोगी नाही. 'पॉझिटिव्ह' म्हणजे क्षयाचे जंतू सापडले. 'निगेटिव्ह' म्हणजे त्या नमुन्यात आढळले नाहीत. तेवढ्यावरून रोग नाहीच असे ठरत नाही. हे जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली शोधून काढिले.

२. उपचार. साध्या क्षयावर बहुधा सहा महिने औषध चालते. काही आठवड्यांत खोकला थांबतो, अंगी शक्ती येते, आणि येथेच घात होतो. औषध सोडल्यास उरलेले जंतू पुन्हा वाढतात, व मग तीच औषधे त्यांस लागू न पडण्याचा संभव असतो. मनमाडहून आगगाडीने मजुरीस परगावी जाणाऱ्याने आधी दवाखान्यात कळवावे. तेथील सरकारी दवाखान्यात औषध पुढे चालू ठेविता येते.

३. साहाय्य. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध विनामूल्य आहे. निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली.

कागद न समजल्यास लाजू नये. "डॉक्टरसाहेब, ह्याचा अर्थ काय?" असे अवश्य विचारावे.