छोटा फ्रिज महिन्याला किती वीज खातो?

पन्नास लिटरचा फ्रिज घेतला की बिलही छोटंच येईल, असं आपण सहज धरून चालतो. तसं होईलच असं नाही. फ्रिजची वीज मुख्यतः भिंतींतून आत शिरणारी उष्णता बाहेर काढण्यात जाते. आतली जागा निम्मी झाली म्हणून भिंतींचं क्षेत्रफळ निम्मं होत नाही. शिवाय जागा वाचवायला इन्सुलेशन पातळ ठेवतात आणि छोटा कॉम्प्रेसर मोठ्याइतका कार्यक्षम नसतो. त्यामुळे चांगल्या रेटिंगचा १८०-१९० लिटरचा सिंगल डोअर फ्रिज कधीकधी ५० लिटरच्या फ्रिजइतक्याच, किंवा त्याहून कमी युनिटमध्ये चालतो.

म्हणून दुकानात तारे नंतर मोजा. बीईईच्या लेबलवर वर्षाला लागणारे युनिट छापलेले असतात, तो आकडा आधी वाचा. तारे आकारमान धरून दिले जातात. छोट्या फ्रिजचे तीन तारे आणि मोठ्याचे तीन तारे म्हणजे सारखी वीज नव्हे. निकष अधूनमधून कडक होतात, तेव्हा लेबलवरचं वर्षही पाहा. जुन्या साठ्यातला पाच तारे असलेला फ्रिज नव्या निकषांत खाली घसरू शकतो.

आता पैसे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट स्वस्त असतात, १०१ ते ३०० चा दर त्याच्या जवळपास दुप्पट. फ्रिजचे युनिट आधीच्या वापरावर चढतात, म्हणजे ते तुमच्या वरच्या टप्प्यात मोजले जातात. म्हणून बिलाची सरासरी काढू नका. त्या टप्प्याचा दर घ्या, त्यात वहन आकार मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क लावा. समजा हे सगळं १२ रुपये झालं. वर्षाला १८० युनिटचा फ्रिज महिन्याला १८० रुपये घेईल, १२० युनिटचा १२० रुपये. फरक वर्षाला ७२०. दुसरा फ्रिज दोन हजारांनी महाग असला, तरी तीन वर्षांच्या आत तेवढे पैसे सुटतात. पण तुमचा सगळा वापर शंभर युनिटच्या आत असेल आणि युनिट सहा रुपयांना पडत असेल, तर साडेपाच वर्षं लागतील. तेव्हा स्वस्त फ्रिज घेण्यात काही चूक नाही. लेबलवरचं मोजमाप प्रयोगशाळेत, दार बंद ठेवून केलेलं असतं; घरात थोडी जास्त वीज धरा.

थर्मोइलेक्ट्रिक फ्रिजबद्दल मात्र मी स्पष्टच सांगेन: घेऊ नका. त्यात कॉम्प्रेसर नसतो, आवाज येत नाही, किंमत कमी, म्हणून तो भुरळ घालतो. पण तो बहुतेक वेळ सतत चालतो. ६० वॅटचा असा फ्रिज दिवसभर चालला तर १.४४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. उलट ७० वॅटचा कॉम्प्रेसर निम्मा वेळ बंद राहिला, तर २५ युनिटांत भागतं. आणि थर्मोइलेक्ट्रिक फ्रिज खोलीपेक्षा साधारण १५ ते २० अंशच थंड होतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे त्यात दूधसुद्धा टिकणार नाही. ज्यांना इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं आहे, त्यांनी तर या वाटेला अजिबात जाऊ नये.

घेतलेला फ्रिज ओट्याखालच्या बंद कपाटात कोंबू नका; मागची-बाजूची हवा खेळती हवी. फ्रीजरमध्ये अर्धा सेंटिमीटर बर्फ साठला की डीफ्रॉस्ट करा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. तो सहज निसटला तर रबर बदलायची वेळ झाली आहे. रात्री फ्रिज बंद ठेवून फारशी बचत होत नाही, अन्न मात्र खराब होतं.

भाड्याच्या खोलीत घरमालक फ्रिजचे महिन्याला ठरावीक पैसे मागत असेल, तर आधी प्लगला लावायचा छोटा मीटर आणा आणि आठवडाभराचे युनिट मोजा. त्या आकड्याला ५२ ने गुणा, १२ ने भागा, आणि आलेले महिन्याचे युनिट त्यांच्याच बिलातल्या दराशी ताडून मग रक्कम ठरवा.