आडवी पेठ आणि उभी पेठ

बेंगळुरू शहराच्या जुन्या भागात चिकपेट नावाची पेठ आहे. कन्नड भाषेत ‘चिक्क’ म्हणजे लहान आणि ‘पेटे’ म्हणजे पेठ. तेव्हा हे नाव मराठी वाचकास परके वाटण्याचे कारण नाही. केंपेगौडा याने 1537 साली नगर वसविले, तेव्हा दोन मुख्य रस्ते एकमेकांस छेदतील असे आखले, अशी परंपरा आहे. दक्षिणोत्तर जाणारा तो दोड्डपेटे, म्हणजे थोरली पेठ. पूर्व-पश्चिम जाणारा तो चिक्कपेटे, म्हणजे धाकटी. या दोन रस्त्यांच्या आसपास व्यवसायपरत्वे पेठा उभ्या राहिल्या. अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची, कुंबारपेट कुंभारांची. 1638 मध्ये विजापूरच्या सैन्याने हे नगर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुण्याच्या पेठांतून हिंडलेल्या मनुष्यास येथील रचना चटकन उमगते.

अशा पेठेतील घराची मांडणी साधी असे. रस्त्याला लागून दुकान, त्यामागे मालाची कोठी आणि वर बिऱ्हाड. रेशमी वस्त्रांचा व्यापारी गादीवर बसून गिऱ्हाइकास साडी उलगडून दाखवी, त्या वेळी माडीवर स्वयंपाक चाललेला असे. एकाच छपराखाली विक्री, साठवण, हिशेब व निवास चालत. नगररचनाशास्त्र आज ज्यास ‘संमिश्र उपयोग’ म्हणते, तो प्रकार हाच होय; फक्त त्याला पूर्वी कोणी नाव दिलेले नव्हते.

विसाव्या शतकात नगररचनाकारांनी हे मिश्रण मोडावयास आरंभ केला. वस्ती एकीकडे, कचेऱ्या दुसरीकडे, कारखाने तिसरीकडे, असे विभाग नकाशावर रंगविले गेले. कारखान्याचा धूर घरात येऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु कचेरीचा धूर होत नाही. केवळ कचेऱ्यांचा असा जो भाग बनतो, तो दिवसा गजबजतो आणि सायंकाळनंतर ओस पडतो; आणि तेथे काम करणाऱ्यास रोज दूरवरून यावे-जावे लागते. 1951 साली आठ लाखांच्या आत असलेली बेंगळुरूची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 84 लाखांवर गेली. एवढ्या नगरात रोजच्या ये-जा करण्याचा भार काय होतो, हे तेथील रस्ते सांगतात. म्हणून रचनाकार पुन्हा जुन्या मिश्रणाकडे वळले. मात्र आता पेठ आडवी न पसरता उभी केली जाऊ लागली.

बेंगळुरूत या प्रकाराचे एक ठळक उदाहरण महात्मा गांधी मार्गावर, चिकपेटच्या पूर्वेस तीन-चार किलोमीटरांवर आहे. नगराच्या महापालिकेने बांधलेली सुभाषचंद्र बोस यांच्या नावाची ही सार्वजनिक इमारत लोकांत ‘युटिलिटी बिल्डिंग’ म्हणून ओळखली जाते. 1973 मध्ये ती पूर्ण झाली. 25 मजले आणि सुमारे 106 मीटर उंची, यांमुळे त्या काळी दक्षिण भारतातील सर्वांत उंच इमारतींत तिची गणना होई. पायथ्याशी दुकाने, वर कचेऱ्या आणि आवारातच चित्रपटगृह, अशी तिची योजना होती. पेठेतील घराचा तोच क्रम येथे शंभर मीटर उंचीवर नेऊन ठेवला होता.

उंच इमारतीत माणसे अधिक मावतात, हा समज सर्वत्र आढळतो. तो सर्वस्वी खरा नाही. एखाद्या भूखंडावर एकंदर किती क्षेत्रफळाचे मजले बांधता येतील, हे चटई क्षेत्र निर्देशांक ठरवितो. समजा, भूखंड 1000 चौरस मीटर असून निर्देशांक 3 आहे. एकूण 3000 चौरस मीटर मजले बांधता येतील. साराच भूखंड व्यापला, तर तीन मजल्यांत काम संपते; केवळ चौथा हिस्सा व्यापला, तर बारा मजले चढवावे लागतात. दोहोंत माणसे सारखीच मावतील. अंतर इतकेच की, दुसऱ्या योजनेत 750 चौरस मीटर जमीन मोकळी राहते. चिकपेटसारखी ठेंगणी पण भिंतीला भिंत लागलेली पेठ दाटीच्या बाबतीत कित्येक मनोऱ्यांस हार जात नाही. तेव्हा मनोऱ्याची खरी देणगी उंची नसून खालची मोकळी जमीन होय, आणि ती मोकळी राहिली नाही तर उंचीचा हेतूच फसतो.

उंचीचा प्रश्न मुख्यतः दोन शोधांनी सोडविला. न्यूयॉर्क येथे 1854 मध्ये एलिशा ओटिस याने दोर तुटला तरी खाली न पडणारा पाळणा लोकांसमोर दाखविला आणि 1857 मध्ये तेथील एका पाच मजली दुकानात माणसांसाठी लिफ्ट बसविली गेली. पुढे 1885 मध्ये शिकागो येथे दहा मजली होम इन्शुरन्स इमारत उभी राहिली. तिचा भार मुख्यतः धातूच्या सांगाड्यावर होता. भार भिंतींवरून खांबांवर आला, म्हणजे भिंती पातळ करता येतात आणि मजले वाढविता येतात. आपल्याकडे पोलादी सांगाड्यापेक्षा लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा सांगाडा अधिक रूढ झाला.

लिफ्ट किती लागतात, याचे गणित सोपे आहे, पण ते पुष्कळदा विसरले जाते. सकाळी अर्ध्या तासात 1000 माणसे वर न्यावयाची आहेत असे धरा. एका लिफ्टमध्ये 12 माणसे मावतात आणि वर जाऊन परत येण्यास तिला 2 मिनिटे लागतात. अर्ध्या तासात तिच्या 15 फेऱ्या होऊन 180 माणसे वर जातील. म्हणजे सहा लिफ्ट हव्यात. त्यांपैकी एक बंद पडली की तळमजल्यावर रांग लागते. लिफ्ट वाढविल्या, तर प्रत्येक मजल्यावरील जागा त्यांच्या कूपांत जाते. उंचीबरोबर हा तोटा वाढत राहतो.

येथे संमिश्र उपयोगाचा एक गुण दिसून येतो. कचेरीची गर्दी सकाळी दहाला व सायंकाळी सहाला होते, दुकानांची दुपारनंतर आणि सणासुदीस, चित्रपटगृहाची रात्री. वेळा निरनिराळ्या असल्याने वाहनतळ, वीज व पाणी यांची व्यवस्था सर्वांच्या बेरजेइतकी मोठी ठेवावी लागत नाही. पण या गुणासोबत बांधकामाची एक अडचण येते. चित्रपटगृहास मधोमध खांब चालत नाहीत, वाहनतळास मोटारीच्या मापाने खांब लागतात, कचेरीस मोकळे दालन हवे असते, तर बिऱ्हाडास लहान खोल्या. वरचा खांब खाली जेथे उतरावयाचा, तेथेच प्रेक्षागृह आले, तर त्याचा भार एका प्रचंड तुळईवर घेऊन बाजूच्या खांबांकडे वळवावा लागतो. अशा तुळया महाग असतात व हिशेबात चूक सोसत नाहीत. पाण्याचेही तसेच आहे. दर 10 मीटर उंचीस चौरस सेंटिमीटरवर सुमारे 1 किलोग्रॅम दाब लागतो, म्हणून 100 मीटरांवर पाणी चढविण्यास दहापट दाबाचा पंप हवा. तेच पाणी वरच्या टाकीतून सरळ खाली सोडले, तर तळमजल्याचे नळ फुटतील. यासाठी मधल्या टाक्या किंवा दाब उतरविणाऱ्या झडपा बसवितात.

या सर्वांहून गंभीर प्रश्न आगीचा आहे. आडव्या पेठेत प्रत्येक दुकानाचे दार रस्त्यावर उघडते. आग लागली की मनुष्य चार पावलांत बाहेर पडतो. उभ्या पेठेत शेकडो दुकाने व कचेऱ्या मिळून दोन-तीन जिने असतात. शिवाय वीज, पाणी व हवा यांसाठी तळापासून माथ्यापर्यंत उभे पोकळ मार्ग ठेवलेले असतात. तापलेली हवा हलकी होऊन वर धावते आणि असा मार्ग धुराड्याप्रमाणे काम करतो. प्रत्येक मजल्याच्या पातळीवर तो न पेटणाऱ्या पदार्थाने बुजविला नसेल, तर खालच्या मजल्यावरील लहानशी आग काही मिनिटांत वरच्या मजल्यांवर धूर कोंडते. 23 फेब्रुवारी 2010 रोजी बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्स या सात मजली व्यापारी इमारतीत असेच घडले. आग विजेच्या तारांच्या उभ्या मार्गात लागली. ज्वाळांपेक्षा धुराने अधिक घात केला. काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. नऊ जणांचे प्राण गेले. सात मजल्यांची इमारत ही मनोरा नव्हे. तरीही एवढी हानी झाली, ही गोष्ट पंचवीस मजल्यांचा विचार करणाऱ्याने पुढ्यात ठेवावी.

म्हणून 15 मीटर व त्याहून उंच इमारतींस राष्ट्रीय बांधकाम संहिता वेगळे नियम लावते. ही संहिता प्रथम 1970 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 2016 मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. जिना धुरापासून सुरक्षित असावा, दारे बाहेरच्या बाजूस उघडावीत, वरच्या मजल्यांवर आश्रयाची मोकळी जागा असावी, हे तिचे सांगणे. आश्रयाच्या जागेत खोकी रचली आणि जिन्याच्या दारास कुलूप घातले, की नियम कागदावरच राहतो; आणि संमिश्र इमारतीत असे होण्याचा संभव अधिक, कारण मालक अनेक असतात व सामाईक जिना कोणाचाच नसतो.

चिकपेटलाही आता मनोऱ्यांचा विचार टाळता येण्यासारखा नाही. जून 2017 मध्ये तेथे भुयारी मेट्रोचे स्थानक सुरू झाले. जुन्या घरांच्या खालून, कोठे कठीण खडक तर कोठे सुटी माती अशा जमिनीतून, बोगदा काढणे हे नाजूक काम होते. स्थानकाजवळ उंच बांधावे, म्हणजे लोक वाहनाशिवाय येतील, हा तर्क नगररचनेत सर्वमान्य आहे आणि येथे तो विशेष लागू पडतो, कारण पेठेत मोटार उभी करावयास जागाच नाही. तथापि उंच इमारतीसमोरील मुख्य रस्ता निदान 12 मीटर रुंद असावा, अशी संहितेची अपेक्षा आहे. अग्निशामक बंब शिडी उभारू शकेल, एवढी जागा त्यास लागते. चिकपेटच्या कित्येक गल्ल्या याच्या निम्म्याही रुंद नाहीत. आणि त्या रुंद करावयाच्या, तर ज्या घरांत खाली दुकान व वर बिऱ्हाड अजून नांदते, तीच प्रथम पाडावी लागतील.