पाठ टाचण कशावर लिहिशील?

अगं, काल रात्री तू फोनवर एका दमात सगळं सांगून टाकलंस. दुकानदार म्हणतो टू-इन-वन घ्या, मैत्रीण म्हणते टॅब घे, दादा म्हणतो साधा लॅपटॉपच बरा. आणि शेवटी, "ताई, तू सांगशील ते घेते." मी "उद्या बोलू" म्हणून फोन ठेवला, कारण तुझे पैसे किती मेहनतीचे आहेत ते मला ठाऊक आहे. दोन वर्षं दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले पन्नास हजार आहेत ते. घाईत काहीतरी सांगून मोकळं व्हायचं नव्हतं मला.

आधी माझी चूक ऐक. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याचा हिशेब लिहायचं काम मी धरलं, तेव्हा मला वाटलं, टॅबलेट घ्यावा. हलका, पर्समध्ये मावणारा, वर चिकटवायचा कीबोर्डही मिळतो. घेतला. पहिल्याच आठवड्यात कळलं की हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर बसवायला विंडोजचा कॉम्प्युटर लागतो. मग टॅबलेटवर मी फक्त काटा पावत्यांचे फोटो काढायची आणि घरी येऊन जुन्या कॉम्प्युटरवर तेच आकडे पुन्हा भरायची. एकाच कामाला दोनदा बसणं रोज रात्री मला रडवायचं. टॅबलेट वाईट नव्हता गं. माझं काम काय आहे ते मी नीट पाहिलंच नव्हतं.

आणि मे महिना आला. वजनकाट्याजवळच्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता पडदा काळवंडला आणि मशीन तापल्याची सूचना आली. आपल्या भुसावळचं ऊन तुला मी काय सांगू! पारा ४५ च्या वर जातो. ॲपल आपल्या आयपॅडसाठी सांगते की तो ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. म्हणजे मार्चपासून जूनपर्यंतच्या आपल्या बहुतेक दुपारी त्या हिशेबाच्या बाहेर पडतात. टॅबलेटमध्ये पंखा नसतो. आतली उष्णता काचेतून आणि पाठीतून जेवढी बाहेर पडेल तेवढीच. बाहेरची हवाच तापलेली असली तर तो आधी संथ होतो, मग बंद पडतो. पंखा असलेला लॅपटॉप अशा वेळी जास्त टिकाव धरतो. तोही तापतो, पण सहसा काम मध्येच सोडत नाही. हे दुकानातल्या एसीमध्ये उभं राहून कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

आता तुझा दिवस डोळ्यांपुढे आण. सकाळची गाडी पकडून जळगावला बी.एड. कॉलेज. अर्ध्या तासाचं अपडाऊन, तेही बहुतेक वेळा उभ्यानं. दिवसभर तास. संध्याकाळी घरी शिकवणी, रात्री पाठ टाचण. यात गाडीत कॉम्प्युटर उघडण्याची वेळ कधी येणार? नाहीच. मग "प्रवासात सोपं पडेल" हे कारण तू यादीतून काढून टाक. गाडीत तुला वाचायचं असेल तर फोन आहे.

पाठ टाचणावर मात्र मी थोडं थांबते, कारण तुझं खरं काम तेच आहे. उद्दिष्टं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, सगळं तक्त्यात बसवायचं आणि तेही मराठीत. टॅबलेटवर बोलून मराठी छान उमटतं, मी नाकारत नाही. पण तक्त्याची रेघ सरकवायची, चौकोन जोडायचे, मधेच आकृती बसवायची, हे बोटानं करताना जीव मेटाकुटीला येतो. तेच काम माउसनं दोन मिनिटांत होतं. विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा. रोमन अक्षरांत लिही, मराठी उमटतं. शाळांत आणि छापखान्यांत अजून श्रीलिपी फॉन्टमधल्या जुन्या फाइल फिरतात, त्याही लॅपटॉपवरच उघडायच्या. शिवाय पुढे शिक्षक अभियोग्यता चाचणी द्यायचीस ना? ती कॉम्प्युटरवरच असते. माउस आणि पडदा हाताखालचा असावा, परीक्षेच्या दिवशी नवा वाटू नये.

टू-इन-वनचं म्हणशील तर त्यात दोन प्रकार. एकाचा पडदा मागे पूर्ण वळतो, दुसऱ्याचा कीबोर्ड सुटा होतो. सुट्या कीबोर्डवाल्याला मागे पाय टेकवून उभं करावं लागतं. टेबलावर ठीक, पण पलंगावर किंवा मांडीवर तो डगमगतो. आपल्या घरात तू कुठं बसून लिहितेस? जमिनीवर, मांडी घालून, उशी पुढ्यात ओढून. मग तो तुझ्यासाठी नाही. पडदा वळणारा दिसायला देखणा असतो, पण त्याचा टॅबलेट करून हातात धरलास तरी वजन लॅपटॉपचंच राहतं, दीड किलोच्या आसपास. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. स्पर्शाची काच फुटली तर दुरुस्तीही महाग पडते. आणि तुझ्या पन्नास हजारांतला मोठा वाटा बिजागरी आणि काचेकडे गेला की आतल्या मेमरीला कात्री लागते.

तरी तू म्हणशील, "ताई, मला गणित शिकवायचंय. पेनानं पडद्यावर लिहिता यायला हवं." हे मला पटतं. बीजगणिताची पायरी मुलांसमोर हातानंच उलगडावी लागते, टाइप करून ती समजत नाही. पण त्यासाठी महागडा पडदाच हवा असं नाही. ग्राफिक पॅड म्हणून एक पातळ पाटी मिळते, दोन-तीन हजारांपासून. ती लॅपटॉपला जोडायची, तिच्यावर पेनानं लिहायचं आणि अक्षर पडद्यावर उमटतं. बघायचं पडद्याकडे आणि हात पाटीवर, त्यामुळे पहिले आठ दिवस अक्षर वाकडं येईल, मग हात बसतो. लॅपटॉप तारेनं टीव्हीला जोडलास की आपल्या पुढच्या खोलीतली दहा मुलंही मागून पाहू शकतील. तुझ्या शिकवणीला याहून सोयीचं काही मला दिसत नाही.

रोज तीन-चार तास पेनानंच लिहिणारी, चित्रं काढणारी किंवा उभ्यानं फिरत नोंदी करणारी कोणी असती, तर मी तिला नक्की टू-इन-वन घे म्हटलं असतं. तुझं तसं नाही.

म्हणून माझं मत साधा, चौदा इंची, पंखा असलेला लॅपटॉप. सोळा जीबी मेमरीचा मिळाला तर तोच घे. आठचा घ्यावा लागला तर नंतर वाढवता येते का हे आधी विचार, कारण पातळ मॉडेलमध्ये बऱ्याचदा मेमरी कायमची जोडलेली असते. साठवणीसाठी एसएसडीच हवा, ५१२ जीबीचा असला तर उत्तम. कोणी स्वस्तात जुना लॅपटॉप दाखवला तर सावध राहा. विंडोज १० ची नियमित सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा घेतलास तर उद्या बँकेचं काम त्यावर करायला मीच तुला अडवीन. आणि त्या कंपनीचं सेवा केंद्र जळगावात आहे का ते नक्की विचार. तुझं रोजचं जाणंयेणं तिथंच आहे. दुरुस्तीसाठी मशीन पुण्याला पाठवून पंधरा दिवस टाचणं अडलेली मी एका मुलीची पाहिलीत.

घरी आणलास की एवढं ऐक. कूलरच्या थेट तोंडासमोर बसू नकोस. वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या हवेबरोबर बारीक तुषारही येतात, आणि ते कीबोर्डच्या फटीत जातात. गोधडीवर ठेवायचा नाही, खालची जाळी बुजते. खाली एखादी पाटी किंवा पोळपाट ठेव, चालतो. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर काम करायचं असेल तर आधी तो थंड होऊ दे, आणि गाडीच्या डिकीत दुपारभर कधीही ठेवू नकोस. लिथियमची बॅटरी उष्णतेनं झिजते, तेही पूर्ण भरलेली असताना जास्त.

माझा तो जुना टॅबलेट आता आईकडे आहे. तिला तो फार उपयोगी पडतो, हे मला मनापासून सांगायचंय. डोळ्यांना त्रास होतो म्हणून अक्षरं मोठी केलीत. भजनं ऐकते, नातवंडांना समोर पाहते. परवा तिला म्हटलं, जात्यावरच्या ओव्या त्यात बोल, मी साठवून ठेवते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, त्यांची गाणी जपली, तेव्हा कुठं १९५२ साली ती पुस्तकातून लोकांपुढं आली. आईचं तसं कोणी उतरवून घेतलेलं नाही. आवाज तेवढा नीट साठतो, पण तिची लेवा बोली अक्षरांत उतरवायला गेलं तर टॅबलेट अडखळतो. ती अक्षरं तूच उतरवायचीस, नव्या लॅपटॉपवर. माझा हात तुझ्याइतका चालत नाही.

दुकानात जाशील तेव्हा टाचणवही बरोबर ने. आवडलेल्या प्रत्येक मशीनवर त्यातलं एक पान टाइप करून बघ, उभ्यानं नाही, बसून. दुकानदार घाई करील, करू दे. या रविवारी आधी माझ्याकडे ये, माझ्या लॅपटॉपवर तुझा एक तक्ता करून पाहू. बामणोदची वांगी मी आणून ठेवते, भरीत मी करीन. कळण्याच्या भाकरी मात्र तू थाप, तुझ्यासारख्या मला जमत नाहीत.