उन्हात वाळविलेला कपडा

ह्या आठवड्याच्या पाठाचा विषय स्त्रियांची मासिक पाळी व त्या दिवसांत वापरावयाची साधने हा आहे. हा विषय केवळ बायकांचा असून तो चारचौघांत काढू नये, असे कित्येकांस वाटेल. परंतु ज्या गोष्टीपायी घरातील पैसा खर्च होतो, मुलींची शाळा बुडते, आणि जिच्याविषयी कोणी बोलत नाही म्हणून आजार वाढतो, ती गोष्ट घरातील कर्त्या पुरुषानेही समजून घेतली पाहिजे. म्हणून हा पाठ स्त्रीपुरुषांनी मिळून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

१. एका गावातील दोन स्त्रिया

वाकड हे मुळा नदीच्या काठचे शेतकऱ्यांचे गाव. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत घेतले गेले. शेजारी हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि जेथे शेते होती तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतीत राहणाऱ्या बाईस पाळी आली, तर दुकानातून पाकीट आणता येते, तिला स्वतःचे न्हाणीघर असते, व कचरा दारातूनच उचलला जातो. तीच इमारत बांधण्यासाठी विटा व वाळू वाहणारी मजूर बाई जवळच पत्र्याच्या खोलीत राहते. तिला पाणी मोजून मिळते, संडास दहा कुटुंबांत एक, आणि कपडे वाळत घालावयाची दोरी सर्वांच्या डोळ्यांदेखत. पाळी दोघींस सारखीच येते, पण तिच्यामुळे होणारा त्रास दोघींस सारखा नसतो. हा भेद कशाने पडतो, हे आपण पाहू.

२. दोष कपड्याचा की अंधाराचा?

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वर्षे वयाच्या मुलींस त्या कोणते साधन वापरतात हे विचारण्यात आले. एकीने एकाहून अधिक साधने सांगितली तरी चालत असे. सुमारे ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी पॅड सांगितला, व सुमारे ५० टक्के मुलींनी कपडा. म्हणजे त्या काळात आपल्या देशातील जवळजवळ अर्ध्या तरुणी कपडा वापरीत होत्या. त्या पाहणीत कपडा हा आरोग्यास योग्य अशा साधनांत मोजलेला नाही. तेव्हा आपल्या आया व आज्या चुकत होत्या काय?

ह्याचे उत्तर नीट समजून घ्यावे. स्वच्छ सुती कापड रक्त शोषून घेते, अंगास टोचत नाही, व धुऊन पुन्हा वापरता येते. त्यात मुळात काही वाईट नाही. परंतु तो कपडा कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून घाईने, थोड्या पाण्यात, कित्येकदा साबणाशिवाय धुतला जातो, आणि मग दुसऱ्या लुगड्याखाली, खाटेखाली किंवा छपराच्या सांदीत वाळत पडतो. तेथे तो पुरता वाळत नाही. ओलसर कपड्यात जंतू वाढतात, अंगास खाज व पुरळ येते, आणि जननमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा दोष कपड्याचा नसून तो लपवावा लागतो ह्या गोष्टीचा आहे. ऊन फुकट मिळते, तरी लाजेपायी ते त्या बाईच्या वाट्यास येत नाही.

ह्या लाजेचे मूळ विटाळाच्या कल्पनेत आहे. कावळा शिवला, बाजूला बसली, हे शब्द आपल्या घरांतून अजून गेलेले नाहीत. कोणी म्हणेल, लेवीयाच्या पुस्तकातही पाळीच्या स्त्रीविषयी नियम आहेतच. आहेत खरे. परंतु बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीने वस्त्रास हात लावला, तेव्हा प्रभूने तिला दटाविले नाही, तर मुलगी म्हणून हाक मारली, हेही आपण वाचतो. पाळी हा शरीराचा नित्याचा व्यवहार आहे. गर्भ राहिला नाही म्हणजे गर्भाशयाचे आतील अस्तर रक्तासह बाहेर पडते, इतकाच त्याचा अर्थ. त्यात पापही नाही व घाणही नाही.

३. पुन्हा वापरावयाची साधने

(अ) कपडा किंवा शिवलेला कापडी पॅड. जुने, मऊ, सुती कापड घ्यावे. नायलॉनचे घेऊ नये. कापडी पॅडास खाली बटण असते, त्यामुळे तो जागचा हलत नाही. पुण्यातील समाजबंध ही संस्था जुने सुती कपडे गोळा करून असे पॅड शिवते. शिलाईयंत्र असलेल्या कोणत्याही घरी ते शिवता येतील. चार ते सहा तासांनी पॅड बदलावा. प्रथम थंड पाण्यात भिजवावा, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबणाने धुऊन उघड्या उन्हात कडकडीत वाळवावा, व कोरड्या पिशवीत ठेवावा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. पॅड नीट राखल्यास दोन-तीन वर्षे सहज टिकतो.

(आ) कप. हा वैद्यकीय सिलिकोनचा लहानसा पेला असून तो योनिमार्गात बसवितात. तो रक्त शोषीत नाही, साठवितो. बारा तासांच्या आत तो काढून, रिकामा करून, धुऊन पुन्हा घालावा. पाळीच्या आरंभी व शेवटी पाण्यात काही मिनिटे उकळावा. हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. २०१९ साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कप सुरक्षित असून गळतीच्या बाबतीत तो इतर साधनांहून कमी नाही, असे आढळले. एक कप दहा वर्षांपर्यंत टिकतो. अविवाहित मुलीस तो चालतो काय, असे माता विचारतात. शरीराच्या दृष्टीने हरकत नाही. परंतु कोणत्याही मुलीवर सक्ती करू नये. जिने तांबी बसविली असेल तिने प्रथम डॉक्टरांस विचारावे.

ज्या बाईस धुण्यापुरते पाणी व वाळविण्यापुरती जागा नाही, तिला आज फेकावयाचा पॅडच सोयीचा, हेही आम्ही कबूल करतो. तिच्या हातून तो हिरावून घेणे हा धर्म नव्हे.

४. फेकलेला पॅड कोठे जातो?

फेकावयाच्या पॅडमध्ये प्लास्टिकचा थर व रक्ताचे गोळे करणारी रासायनिक भुकटी असते. तो मातीत पुरला तरी शेकडो वर्षे कुजत नाही. तो कचऱ्यात टाकला की आपले काम संपले, असे आपणांस वाटते. परंतु तेथे दुसऱ्या कोणाचे काम सुरू होते.

वाकडहून मुळा ओलांडली की पुणे शहर लागते. तेथील कचरावेचकांनी १९९३ साली आपली संघटना केली, व पुढे २००८ साली स्वच्छ ह्या नावाची त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. ह्या कामात बहुसंख्य स्त्रियाच आहेत. उघडे टाकलेले पॅड त्यांस हातांनी निवडावे लागत. २०१३ साली ह्या संस्थेने वापरलेले पॅड पिशव्यांत भरून ते बनविणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठविले. हा माल तुमचा आहे, ह्याची जबाबदारीही घ्या, असा त्याचा अर्थ होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांस पॅडसोबत वेष्टन पुरविण्यास सांगितले. २०१७ साली पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम निघाली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळावा, वर लाल ठिपका काढावा, व तो निराळा द्यावा. ज्या घरी फेकावयाचा पॅड वापरला जातो, त्या घराने एवढे तरी करावे. आपल्या बहिणीने तो हातात घ्यावयाचा आहे, हे स्मरणात असावे.

५. सर्वांस मिळावे म्हणून

आता हिशेब पाहू. महिन्यास १५ पॅड व एकाची किंमत ५ रुपये धरली, तर महिन्यास ७५ व वर्षास ९०० रुपये होतात. घरात आई व दोन मुली असल्यास वर्षास २,७०० रुपये. रोजंदारीच्या घरास हा आकडा लहान नाही. कापडी पॅडांचा संच किंवा कप एकदा काही शे रुपयांस घेतला, म्हणजे पुष्कळ वर्षांची चिंता मिटते.

सरकारांनीही पावले टाकली आहेत. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात अस्मिता योजना निघाली, व जिल्हा परिषद शाळांतील मुलींस आठ पॅडांचे पाकीट ५ रुपयांस देण्याचे ठरले. त्याच वर्षी जुलैत केंद्राने सॅनिटरी पॅडवरील १२ टक्के कर काढून टाकला. २०२२ च्या जानेवारीत केरळातील कुंबळंगी गावात स्त्रियांस हजारो कप, ते वापरण्याच्या शिक्षणासह, वाटण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टात स्कॉटलंडमध्ये असा कायदा अंमलात आला की, ज्या कोणास गरज असेल तिला ही साधने विनामूल्य मिळावीत.

परंतु नुसत्या वस्तूंनी भागत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गोष्ट पाहा. शेतात न्हाणीघर नाही, पाणी नाही; एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे असे आले की, त्या जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,००० हून अधिक स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. सर्वांची कारणे एक नसतील. परंतु पाळीचा त्रास व खाड्याचे भय नको म्हणून अवयवच काढून टाकण्यापर्यंत बायका येतात, ही गोष्ट आपण उदासीनपणे ऐकू शकतो काय? पाणी, आडोसा व एक दिवसाची विश्रांती ह्यांची किंमत त्या शरीराने देत आहेत.

६. आपण काय करावे?

पहिले, घरातील दोरीवर उन्हात एक जागा पाळीच्या कपड्यासाठी ठेवावी, आणि पुरुषांनी त्याविषयी नाक मुरडू नये. दुसरे, मुलीस पाळी येण्यापूर्वीच, म्हणजे नवव्या-दहाव्या वर्षी, आईने तिला सर्व समजावून सांगावे; भिऊन रडणाऱ्या मुलीस मग सांगणे हे उशिराचे आहे. तिसरे, ज्यांच्या हाती बांधकाम, शेत किंवा कारखाना आहे, त्यांनी कडी लागणारे न्हाणीघर व पाणी ह्यांची तजवीज करावी. चौथे, गावातील शिवणकाम जाणणाऱ्या भगिनींनी एकत्र बसून कापडी पॅड शिवावेत, व ते देताना घेणारीस कमीपणा वाटेल असे काही बोलू नये.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरी पाळीचा कपडा कोठे वाळतो? तेथे ऊन पडते काय?
२. आपल्या गावच्या शाळेत मुलींच्या संडासास कडी व आत पाणी आहे काय? हे कोणी जाऊन पाहिले आहे?
३. आपल्या जवळपास मजुरीसाठी आलेल्या स्त्रिया कोठे राहतात? त्यांस सर्वांत आधी कशाची गरज आहे, हे त्यांसच कोणी विचारले आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरी बसून मिळणार नाही. त्यासाठी एखाद्या भगिनीने पुढील आठवड्यात त्या वस्तीवर जाऊन यावे.